तोंडाला सव्वीस, शेपटीला पंधरा

विम्याच्या कागदावर एकच रेघ रिकामी राहिली होती आणि जेवणाच्या टेबलाभोवती बसलेली पाच माणसं सकाळपासून त्या रेघेवर येऊन अडत होती. गाडीचा नंबर, गाडीचं वय, चालकाचं वय, चालकाचं मालकाशी नातं, सगळं दादानं आपल्या टपोऱ्या अक्षरात भरून टाकलं होतं. 'मुलगा' लिहिताना त्याचा हात जरा थांबला, तेवढंच. राहिली होती शेवटची रेघ. 'अपघाताचे कारण, मालकाच्या माहितीप्रमाणे.'

"वाहनातील दोष," दादा चौथ्यांदा म्हणाला. "दोन शब्द आहेत, आप्पा. लिहा आणि मोकळे व्हा."

"माझ्या माहितीप्रमाणे लिहायचंय ना?" आप्पांनी काळा चष्मा नाकावर सारखा केला. "माझ्या माहितीप्रमाणे गाडीत दोष नव्हता."

"मग चूक कुणाची? छोट्याची? लिहा तसं. त्याची बायको समोर बसलीय, तिच्यादेखत लिहा."

आप्पांनी पेन उचललं नाही.

टेबलाच्या टोकाला नवी बसली होती. लग्नाला दोन वर्षं झाली तरी या घरात तिला नवीच म्हणत. प्लॅस्टरमधला डावा हात मांडीवर, उजव्या हातानं ती टेबलक्लॉथची एकच घडी घालत होती आणि उलगडत होती. तीन आठवड्यांपूर्वी डोंगराच्या उतारावर, एका डाव्या वळणात, आप्पांच्या जुन्या गाडीचा मागचा भाग सुटला. गाडी दोनदा गरकन फिरली, कड्यावर आपटली आणि टपावर पालथी पडली. नवी मनगट मोडून आणि कपाळाला बारा टाके घेऊन बाहेर आली. शेजारी स्टिअरिंगवर छोट्या होता, या घरातलं शेंडेफळ, एकतीस वर्षांचा. तो आला नाही.

"उलटीच ती," आत्या पुटपुटली. "शेवटी उलटली." मग आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं आणि तिनं पदर तोंडावर घेतला.

आप्पांच्या या थोरल्या बहिणीनंच तर चाळीस वर्षांपूर्वी गाडीला ते नाव दिलं होतं. दाराशी उभी राहिलेली गाडी बघायला गल्ली लोटली, आप्पांनी ऐटीत पुढचं झाकण उघडलं, तर आत इंजिनच नाही. नुसती सामान ठेवायची पोकळी. इंजिन मागं! "अरे, ही गाडी आहे का उलटी?" आत्यानं विचारलं होतं, आणि आप्पा म्हणाले होते, "नाव तरी बरं ठेव गं, ऐकूनच मळमळतं." पण नाव चिकटलं. वर्षभरात पेपरात छापून आलं की या जातीच्या गाड्या वळणावर उलटतात, माणसं मारतात, तेव्हा लोक त्याच नावाला वेगळ्या अर्थानं हसायला लागले. पुढं कधीतरी चौकशी होऊन गाडी निर्दोष ठरली, तीही बातमी आली. आतल्या पानावर, चार ओळी. आप्पांनी त्या चार ओळी कापून चष्म्याच्या दुकानात काउंटरच्या काचेखाली ठेवल्या होत्या. कागद पिवळा पडला, पण वाचता येत होता. दृष्टी तपासायला आलेल्या गिऱ्हाइकांना ते आधी तोच वाचायला लावत.

आप्पांचं म्हणणं एवढंच होतं, की गाडी वाईट नाही, शिस्तीची आहे. वेग वळणाआधी कमी करायचा. वळणात शिरल्यावर भिऊन पाय उचलायचा नाही. आणि हवा! मागं इंजिनाचं वजन, म्हणून मागच्या चाकांना सव्वीस आणि पुढच्यांना फक्त पंधरा. एवढं पाळलं की गाडी पोटच्या पोरासारखी वागते. दर रविवारी सकाळी, चहाच्या आधी, आप्पा स्वतःच्या मापानं हवा मोजत. एकाही रविवारी खंड नाही. पडला तो तीन आठवड्यांपूर्वी. शनिवारी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, रविवारी ते पट्टी बांधून पडून होते, आणि सोमवारी छोट्या गाडी घेऊन गेला.

"एकोणतीस वर्षांपूर्वी मी सोळाचा होतो," दादा म्हणाला. त्याचा हात हनुवटीवरच्या जुन्या व्रणाकडे गेला. "हीच गाडी माझ्या हातात अशीच फिरली. शेतात जाऊन पडलो. मी रक्तात बसलो होतो आणि तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?"

"पाय उचललास म्हणालो."

"नाचता येईना अंगण वाकडं, म्हणालात! पाहुण्यारावळ्यांत सांगत फिरलात वर्षभर. मी जन्मात स्टिअरिंगला हात लावला नाही नंतर. चाळीस किलोमीटरवर कचेरी माझी, बसनं जातो. का? तर गाडी चांगली आणि पोरगा भित्रा."

"पाय उचलला होतास तू," आप्पा सावकाश म्हणाले.

"आणि छोट्यानं?"

"तो नाही उचलायचा. त्याला ही गाडी माझ्यापेक्षा चांगली कळायची."

"मग राहिलं काय?" दादानं टेबलावर हात आपटला. "गाडी चांगली, चालवणारा चांगला. मग माझा भाऊ मेला कशानं, आप्पा? हौसेनं?"

नवीच्या हातातली घडी थांबली. मधली उठली आणि उगाच पाण्याचा तांब्या घेऊन आत गेली.

मधलीला तिथं बसवत नव्हतं. दादाची धाकटी बहीण, छोट्याहून नऊ वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही, आप्पांबरोबर दुकान बघायची. भांडणात ती नेहमी आप्पांच्या बाजूला असायची आणि दादा तिला 'गाडीची वकील' म्हणायचा. आज वकिलानं तोंड उघडलं नव्हतं. राहिलं काय, या दादाच्या प्रश्नाचं एक उत्तर तिला तीन आठवडे आतून कुरतडत होतं, आणि ते खरं की खोटं हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

त्या सोमवारी सकाळी दुकानात फोन वाजला होता. खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ, डोळ्यांवर तपासणीची जड फ्रेम, मधलीच्या हातात भिंग. फोनवर नवी होती. छोट्या रात्रभर प्रवास करून आलेला, गाढ झोपलाय; तो उठायच्या आत गाडी पंपावर नेऊन तयार ठेवते, हवा किती भरायची तेवढं सांगा. "आप्पांनी काल मोजली नाहीये ना, म्हणून म्हटलं," असंही म्हणाली होती. किती गुणाची पोर. मधलीनं सांगितलं आणि फोन ठेवला. जेमतेम दहा सेकंदांचं बोलणं. म्हाताऱ्या गृहस्थांच्या चष्म्याचा नंबर काय निघाला तो तिला आजही पाठ होता. आणि आपण हवा कोणत्या शब्दांत सांगितली, ते काही केल्या आठवत नव्हतं.

कारण या घरात ती सांगायच्या दोन भाषा होत्या. जगासाठी मागं सव्वीस, पुढं पंधरा. घरात मात्र छोट्याची भाषा. पाच वर्षांचा असताना त्यानं गाडीच्या मागच्या झाकणावरच्या जाळीकडे बघून ठरवून टाकलं होतं, की हे दात आहेत, इथून ती गुरगुरते, म्हणजे हेच तिचं तोंड. पुढची सामानाची बाजू ती शेपटी. "उलटीचं सगळं उलटंच असणार ना!" हे त्याचं तर्कशास्त्र. आप्पा इतके खूश झाले, की तेव्हापासून घरात तोंड म्हणजे मागची बाजू आणि शेपटी म्हणजे पुढची. तोंडाला सव्वीस, शेपटीला पंधरा. पोरं पाढ्यासारखं म्हणत. बाहेरच्या माणसाला यातलं काही कळण्याचं कारण नव्हतं, आणि बाहेरच्याला ते कुणी सांगतही नसे.

नवी बाहेरची होती का? दोन वर्षं एका ताटात जेवत होती. पण तिला हे कुणी सांगितलं होतं का?

मधलीनं तांब्या ओट्यावर ठेवला. तिला नुसतं विचारता आलं असतं. 'अगं, मी तुला त्या दिवशी काय म्हटलं होतं?' तीन आठवडे रोज रात्री दोघी एकाच खोलीत झोपत होत्या. नवी घाबरून उठायची, मधली तिला थोपटायची. विचारायचं धैर्य काही झालं नव्हतं.

बाहेर दादाचा फोन वाजला. गाडीचा मिस्त्री होता. चार वाजता ट्रक येतोय, गाडी भंगारात जाईल, बघायची असेल तर आताच या. आणि आप्पांना घेऊन या, त्यांच्याशी काम आहे.

"मी पण येते," नवी म्हणाली. सकाळपासूनचे तिचे ते पहिलेच शब्द.

"तू कशाला पोरी?" आत्या म्हणाली. "डोळ्यांनी बघून काय करायचंय?"

"मी आत होते ना, आत्या. मला आणखी काय दिसायचं राहिलंय?"

 दादानं कागद घडी करून खिशात घातला.

मिस्त्रीचं आवार पत्र्याच्या कुंपणाआड होतं. तेलानं काळी झालेली जमीन, गाड्यांची सुटी दारं एकावर एक रचलेली. तीस वर्षं उलटी याच माणसाच्या हाताखाली होती. कुंपणाच्या कडेला त्यानं ती चार चाकांवर उभी करून ठेवली होती. टप सीटपर्यंत दबलेला. फिकट निळा रंग मात्र दारांवर तसाच तुकतुकीत, आप्पांनी मागच्याच महिन्यात पॉलिश केलेला.

आप्पा गाडीपाशी गेले आणि त्यांनी मागच्या झाकणावर तळहात ठेवला. दादा लांबच उभा राहिला. सोळाव्या वर्षापासून तो या गाडीच्या इतक्याही जवळ आला नव्हता.

"आप्पा, ब्रेक बघितले," मिस्त्री हात पुसत म्हणाला. "उत्तम. स्टिअरिंगही ठीक. मागचा आस खोलून बघितला, तुटलेलं आहे ते आपटून तुटलंय, आधीचं नाही. गाडीत खोट नव्हती. आईशप्पथ सांगतो."

"ऐकलंस?" आप्पा दादाकडे न बघता म्हणाले. त्यांच्या आवाजात इतक्या दिवसांत प्रथमच जरा जीव होता. मधलीला त्यांचा राग आला आणि कीवही आली. पोरगा गेला आणि हा माणूस गाडी निर्दोष सुटली म्हणून श्वास टाकतोय.

"म्हणजे चूक त्याची," दादा म्हणाला. "शाबास. लिहा आता."

"थांबा, दादासाहेब. माझं झालं नाही." मिस्त्री खाली बसला. "दोन टायर फाटले, पण दोन शाबूत आहेत. पुढचा डावा आणि मागचा उजवा. गाडी इथं आणली त्याच दिवशी मी हवा मोजली. विश्वास बसेना, म्हणून आज परत मोजली." त्यानं खिशातून माप काढून आप्पांपुढे धरलं. "पुढच्यात सव्वीस. मागच्यात पंधरा."

 मधलीनं रचलेल्या दारांना हात टेकवला.

मिस्त्रीचं तोंड पुढचा प्रश्न विचारायला उघडलं होतं. हवा कोणत्या गाढवानं भरली, असंच काहीतरी. पण त्याच्या आधी नवी बोलली.

"म्हणजे बरोबर होती!" ती म्हणाली. "देवा. बरोबर होती ना, ताई? तोंडाला सव्वीस, शेपटीला पंधरा. मीच भरली होती पंपावर. दोनदा मोजायला लावली मी त्या माणसाला. तो म्हणत होता, बाई, सगळ्यांना सारखीच भरतात. मी म्हटलं, नाही, आमच्या घरची पद्धत आहे, तोंडाला जास्त." ती रडायला लागली होती, आणि रडता रडता तिचा चेहरा तीन आठवड्यांत प्रथमच मोकळा होत होता. "मला रोज रात्री वाटायचं, मी काहीतरी उलटसुलट केलं. हवा कमी भरली, झाकण नीट लावलं नाही... काहीतरी माझंच चुकलं म्हणून तो गेला. कुणाला बोलले नाही मी. बरोबर होती ना, आप्पा?"



मिस्त्रीनं उघडलेलं तोंड मिटलं आणि तो मापाकडे बघत राहिला. आत्याचे ओठ हलत होते. तीही याच घरातली, तिलाही कळलं होतं. दादाचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं नवीकडे बघितलं, मग मधलीकडे, आणि फोन दुकानात कुणी घेतला असणार हे त्याच्या डोळ्यांत लख्ख दिसलं. मधलीला वाटलं, हा आता बोलणार. बोलू दे. तिला तेच हवं होतं. कुणीतरी ओरडून सांगावं, की या पोरीनं नाही, हिनं मारलं आपल्या भावाला, एका हातात भिंग धरून, दहा सेकंदांत. पण ते ओरडून सांगायचं म्हणजे नवीलाही सांगायचं होतं, की गाडी तुझ्या हातानं बिघडली. शब्द ताईचा, पण हात तुझा. दोनदा मोजून भरलीस.

"आप्पा?" नवीनं पुन्हा विचारलं. या वेळी तिच्या आवाजात शंकेची बारीक कड होती.

आप्पांनी काळा चष्मा काढला. ऑपरेशन झालेला डोळा लाल होता, त्यातून पाणी येत होतं.

"अगदी बरोबर भरलीस, पोरी," ते म्हणाले. "तुझ्याहून नीट मीही भरली नसती."

"मग..."

"गाडीच वाईट होती." त्यांनी झाकणावरचा हात काढून घेतला. "पहिल्यापासून वाईट. पेपरवाले सांगत होते, दादा सांगत होता. मीच ऐकलं नाही. माझ्या हट्टापायी गेला तो. कागद आण रे."

दादा जागचा हलला नाही. हे वाक्य ऐकण्यासाठी तो एकोणतीस वर्षं थांबला होता. आता ते त्याच्या पुढ्यात पडलं होतं, तर त्याला ते नको होतं.

"आप्पा, राहू द्या," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "कोरं ठेवू या. मी बोलतो विम्याच्या साहेबांशी."

"आण म्हटलं ना! सकाळपासून तुलाच घाई होती."

दबलेल्या टपावर कागद ठेवून आप्पांनी लिहिलं. 'वाहनातील दोष. मालकास पूर्वकल्पना होती.' पूर्वकल्पनेचं त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं, ते त्यांनी आपल्या मनानं घातलं. सही केली. पेन परत घेताना दादानं दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. बापलेकांनी एकमेकांचा हात धरल्याचं मधलीनं लहानपणानंतर कधी बघितलं नव्हतं. बघितलं ते असं.

"चल गं," आत्या नवीला म्हणाली. "तोंड धुऊन घे तिकडं नळावर." आणि आपल्याच तोंडून निघालेल्या शब्दाची ठेच लागल्यासारखी ती थबकली. मग नवीच्या खांद्यावर हात टाकून तिला घेऊन गेली.

त्या दोघी आडोशाला गेल्यावर मिस्त्री हळूच म्हणाला, "मला पण एक कागद द्यायचाय, आप्पा. तपासणीचा. त्यात हवेचा रकाना आहे."

"टायर फाटले होते, मोजता आले नाहीत."

"दोन शाबूत आहेत. विम्याचे साहेब ट्रकच्या आधी येऊन बघतील तर..."

आप्पा गुडघ्यांवर बसले. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, तेलकट जमिनीवर, चांगल्या पँटीनिशी. मागच्या उजव्या चाकाच्या वॉल्व्हची टोपी त्यांनी काढली आणि नखानं खीळ दाबून धरली. हवा सूं करत निघाली. ती संपेपर्यंत त्यांनी नख काढलं नाही. मग ते तसेच, उठायचा त्रास न घेता, हातांवर जोर देत पुढच्या डाव्या चाकाकडे सरकले. त्यात सव्वीस होती, तिला वेळ लागला.

"मी होते फोनवर, आप्पा," मधली म्हणाली. तिचा आवाज त्या फुसफुशीत बुडून गेला, पण त्यांनी ऐकला.

"कळलं."

"मी तिला सांगते. मला नाही सहन व्हायचं हे. मी सांगणार."

"कुणासाठी?" आप्पांनी मान वर केली. "तिच्यासाठी, का तुझ्यासाठी?"

 दादानं मधलीच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, जणू ठेवावा की नाही हे त्याचंच ठरत नव्हतं.

"चूक तुझी नाही," तो म्हणाला. मग म्हणाला, "कुणाची म्हणायची मग?"

नवी परत आली तेव्हा तिचा चेहरा धुतलेला, स्वच्छ होता. उद्या तिला न्यायला तिचा भाऊ यायचा होता. काही महिने माहेरी राहावं असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. ती येऊन मधलीला बिलगली. "ताई, एक मागू?" तिनं कानाशी विचारलं. "तो सांगायचा, शेडच्या भिंतीवर त्यानं लहानपणी या गाडीचं चित्र काढलंय. आप्पांनी कधी पुसू दिलं नाही म्हणे. गाडी भिंतीला लागून असायची, मला कधी दिसलंच नाही. आज दाखवाल? मी फोटो काढून नेईन. त्याच्या हातचं दुसरं काही नाही माझ्याकडे."

मधलीनं हो म्हणून मान हलवली. नवीच्या खांद्यावरून तिला आप्पा दिसत होते. मिस्त्रीच्या आधारानं ते उभे राहत होते. त्यांनीही ऐकलं होतं.

घरी येताना मागच्या टॅक्सीत आप्पा आणि मधली दोघंच होते. अर्ध्या वाटेत आप्पा खिडकीबाहेर बघत एकच शब्द बोलले.

"भिंत."

"हो," मधली म्हणाली.

उन्हं कलली होती, पण शेडमध्ये अजून चांगला उजेड होता. गाडी नसलेली शेड फार मोठी वाटत होती. चित्र डाव्या भिंतीवर, कमरेच्याही खाली, पाच वर्षांच्या पोराच्या उंचीला. भिंगांवर खुणा करायच्या लाल मेणाच्या पेन्सिलीनं काढलेलं. ती दुकानातून चोरल्याबद्दल छोट्यानं तेव्हा मार खाल्ला होता. टप, दोन खिडक्या, चार चाकं एका ओळीत. एका टोकाला इंजिनाचा धूर, आणि त्याच टोकाला मोठ्ठं तोंड, डोळे, पाच दात. दुसऱ्या टोकाला कुत्र्यासारखी शेपटी. वाकडा बाण काढून 'तोंड', आणि दुसरा बाण, 'शेपटि', वेलांटी चुकलेली. त्याखाली आप्पांच्या वळणदार अक्षरात आकडे. तोंडापाशी २६, शेपटीपाशी १५. नीट काढलेल्या नकाशात सगळं जसं असावं तसं. पाच वर्षांच्या मुलालाही कळेल असं.

मेण पाण्यानं जाणार नव्हतं. मधलीनं दुकानातून भिंगं पुसायच्या स्पिरिटची बाटली आणली होती. ती जमिनीवर बसली आणि शेपटीपासून सुरुवात केली. शेपटी, चुकलेली वेलांटी, पंधरा. लाल रंग आधी पसरायचा, मग फडक्यात उतरायचा. पुढची चाकं गेली. खिडक्या गेल्या. एका खिडकीत एक छोटं डोकं होतं, हे तिला आज दिसलं. इतक्या वर्षांत तिनं कधी नीट बघितलंच नव्हतं. तो स्वतः असणार, ड्रायव्हरच्या जागी. तिनं ते पुसलं. मग मात्र तिचा हात थांबला. तोंडापाशी येऊन ती तशीच बसून राहिली, आणि मोठ्यानं रडू येऊ नये म्हणून तिनं ओलं फडकं दातांत धरलं.

"ताई?"

दारात नवी होती, हातात मोबाइल. मधली उठली आणि उरलेल्या चित्रावर पाठ टेकवून उभी राहिली.

नवीनं भिंतीवरचा लालसर, ओला पट्टा बघितला. मग मधलीच्या हातातलं फडकं.

"पुसलंत?"

"हो."

"तेच चित्र?"

"मला बघवत नव्हतं," मधली म्हणाली.

"मी तुम्हाला आत्ता, तासाभरापूर्वी सांगितलं ना, की मला..." नवीनं मोबाइल खाली घेतला. "विसरलात?"

"नाही विसरले."

"नाही विसरलात," नवीनं तेच शब्द उच्चारले. ती आता रडत नव्हती. "दादा गाडीला शिव्या घालत होते, आप्पा गाडीला कवटाळून बसले होते. मी म्हणायचे, असू दे, ताई तरी माझ्या आहेत या घरात. तुम्हाला बघवत नव्हतं, म्हणून माझं पुसून टाकलंत?"

मधलीच्या जिभेवर सगळं आलं होतं. फक्त तोंड उघडायचं होतं. पाठीला ओल लागत होती, स्पिरिट ब्लाउजमधून झोंबत होतं.

"हो," ती म्हणाली.

"उद्या मी निघताना खाली येऊ नका," नवी म्हणाली. "मला तुमचं तोंड बघायचं नाहीये."

ती गेली. जिन्यावर तिची पावलं वाजली, वरचं दार लागलं. मग मधली भिंतीपासून बाजूला झाली. तोंड अजून तसंच होतं. दोन डोळे, पाच दात, आणि त्याखाली सव्वीस. तिनं बाटली फडक्यावर उलटी धरली आणि पुन्हा खाली बसली.